गिरजाबाईच्या सात सजा

गिरजाबाई कोर्टात शिरताना पायरीला हात लावून तो कपाळाला न्यायची. वकील तसं करत नाहीत, साक्षीदार करत नाहीत आणि आरोपी तर नाहीच नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई देऊळ समजून चुकून आली असावी. मी तिला सांगितलं, "बाई, हे कोर्ट आहे." ती म्हणाली, "ठाऊक हाय भाऊ. मी आरोपी हावो."

मी तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांचा रीडर होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. रीडर म्हणजे साहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून आरोपीचं म्हणणं लिहून घेणारा कारकून. हे काम करून करून माणसाचा माणसांवरचा विश्वास पातळ होतो. माझ्यापुढे जो उभा राही तो त्या दिवशी त्या गावात नसे, असला तर झोपलेला असे, आणि जागा असला तर त्याला दिसत नसे. गिरजाबाईचं म्हणणं मात्र एका शब्दात उरके. साहेब विचारत, "गुन्हा कबूल आहे?" ती म्हणे, "कबूल." शाईची एवढी बचत करणारा दुसरा आरोपी माझ्या नोकरीत झाला नाही.

गुन्हा दरवर्षी तोच. मोहफुलाची हातभट्टी. होळीच्या आगेमागे जमादार तिच्या गावी, हिरडटोल्याला जाई, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याला मडकं सापडे, आणि मडक्याची धनीण म्हणून गिरजाबाई पुढे होई. खटल्याची तारीख भाताच्या रोवणीच्या तोंडावर पडे, आणि तिला आणायला शिपाई पाठवावा लागत नसे. आठ कोस चालत ती आपली आपण येई, कोर्ट उघडायच्या आधी. व्हरांड्यातला आपला कोपरा झाडून घेई आणि गाठोडं सोडी. गाठोड्यात एक लुगडं, घोंगडं, तंबाखूची चंची, वाळवलेल्या झिंग्यांची पुरचुंडी आणि विणायला घेतलेलं फेकजाळं. जातीची ढिवर, मासे मारणाऱ्यांची, हात रिकामा ठेवणं तिला जमत नसे. जाळ्याचं सूत ती ब्रह्मपुरीच्या बाजारातून आणायची आणि ते पारखून घ्यायची. शिक्षा ऐकायला येणारी बाई सूत पारखून आणते हे माझ्या बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

"यंदा कोन्ता साहेब हाय भाऊ?" हा तिचा पहिला प्रश्न.

"नवे आहेत. अहेरीकडून बदलून आलेत."

"मंग सागाच्या चोरीले कडक असन. आपल्याले काई तरास नाई."

आणि तसंच निघे. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या गुन्ह्याला काय मिळतं हे ती माझ्यापेक्षा चटकन सांगे. कलमांचे आकडे तिला माहीत नव्हते. शिक्षेची मुदतही ती महिन्यांत मोजत नसे. "रोवनीपासून निंदनीपर्यंत" किंवा "एक कापनी" असं तिचं माप असे. व्हरांड्यात तारखेला आलेली माणसं तिच्याभोवती बसत. एकदा शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भावाशी मारामारी केलेला एक शेतकरी थरथरत बसला होता. जाळं विणता विणता तिनं त्याची उलटतपासणी घेतली.

"रक्त निघालं का?"

"निघालं थोडंसं."

"इळ्यानं का हातानं?"

"हातानं. बुक्की मारली."

"हाड मोडलं?"

"नाई."

"मंग भेव नको. इळा असता त गोष्ट वेगळी होती. हाड मोडलं असतं त आनखीनच वेगळी."

साधी दुखापत, हत्याराने केलेली दुखापत आणि जबर दुखापत. कलम ३२३, ३२४ आणि ३२५. एक वर्षापर्यंत, तीन वर्षांपर्यंत आणि सात वर्षांपर्यंत. हाच फरक समजावून सांगायला आमच्याकडचे एक वकील अर्धा तास घेत आणि शेवटी स्वतःच गोंधळत. दुसऱ्या एकानं कोंबडी चोरली होती. तिनं विचारलं, "आंगनातली का घरातली?" तो म्हणाला, घरातली. तिनं जाळ्यावरून मान वर न करता सांगितलं, "चुकला तू. घरात शिरला का सजा वाढते." हेही पुस्तकाबरहुकूम होतं. उघड्यावरच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, घरातल्या चोरीला सात.

मघाच्या त्याच वकिलांनी एका अशिलाला छाती ठोकून सांगितलं होतं, तू सुटणार. अशील बाहेर आला तेव्हा गिरजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठ दिस." आठच दिवस झाले. वकीलसाहेब तणतणत माझ्याकडे आले. या बाईला व्हरांड्यात बसायची मनाई करा, ही माझा धंदा बसवते, म्हणाले. मी म्हटलं, आरोपीला कोर्टात यायची मनाई कशी करणार? पुढच्या तारखेला पाहतो तो स्वारी तिच्याजवळ उकिडवी बसून हळू आवाजात काहीतरी विचारत होती.

तिला शिक्षा होई ती पंधरा दिवस, महिना, फार तर दीड महिना. कोर्टाच्या मागेच तालुक्याची लहान कोठडी होती, तिथंच ती काढी. पहिल्या वेळी हवालदारानं तिची जाळं विणायची बांबूची सुई जप्त केली, हत्यार म्हणून. प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी सुई उलटीसुलटी करून पाहिली, स्वतःच्या बोटाला टोचून पाहिली आणि "निरुपद्रवी" असा शेरा मारला. महिनाभरात एक जाळं पुरं होई. सुटायच्या दिवशी ते खांद्यावर टाकून, हवालदाराला "येतो भाऊ" म्हणून ती निघे. जणू माहेरपण आटोपून चालली आहे.

हे असं मला काही न कळता किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक. पण तिच्या तिसऱ्या खटल्याला एक तरुण साहेब होते, त्यांना लोकजीवनाची फार जिज्ञासा. "कबूल" ऐकून पुढे जायचं सोडून त्यांनी विचारलं, "बाई, ही दारू तुम्ही कशी करता, जरा सांगा पाहू."

 गिरजाबाईला अडखळताना मी प्रथमच पाहत होतो. मग ती सावकाश सांगू लागली, "मोहफुलं घ्याची साहेब. धुवाची. मंग मडक्यात टाकाची. पानी टाकाचं. शिजू द्याची."

"मग?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मंग फोडनी द्याची."

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, वकील हसले, कोंबडीचोरसुद्धा हसला. जमादार तेवढा हसला नाही. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हे मडकं तुमचंच ना?" गिरजाबाई म्हणाली, "कबूल." साहेबांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. शेवटी त्यांनी पंधरा दिवस लिहिले आणि त्यानंतर कुणालाही लोकजीवनाबद्दल काही विचारलं नाही.

दुपारी, कोठडीत नेण्याआधी, मी तिला व्हरांड्यात गाठलं. मला तिचा राग आला होता. इतकी वर्षं खोटं लिहून घेतोय हे मला ठाऊकच होतं, पण ते आरोपी सुटण्यासाठी बोलत. ही बाई अडकण्यासाठी खोटं बोलत होती, आणि तेही माझ्या हातून लिहून घेत होती.

"फोडणी देतात होय दारूला?"

"मले का ठाऊक? मी थेंबबी नाई घेतली कधी. मोहाच्या वासानं मले मळमळते."

"मग मडकं कुणाचं?"

"सापडेपर्यंत कोनाचंबी असन. सापडलं का माहं."

मग तिनं सांगितलं. हिरडटोला म्हणजे तळ्याकाठची वीस-बावीस घरं. एका वर्षी मडकं सापडलं म्हणून एक तरणा माणूस ऐन रोवणीत महिनाभर आत गेला. मागं त्याची बाळंतीण बायको. तिनं पाठीशी मूल बांधून चिखलात एकटीनं रोवणी केली. तो परत आला तेव्हा धान हिरवं होतं आणि मूल गेलं होतं. गाव तळ्याच्या पाळीवर बसलं. मडकं आमचं नाही असं म्हणायची कुणाची तयारी नव्हती, कारण ते गावचंच होतं. प्रश्न एवढाच होता की जायचं कुणी. गिरजाबाई विधवा, मूलबाळ नाही, शेत नाही. ती उठून म्हणाली, "माह्यासाठी कोनाची रोवनी अडत नाई. मी जातो."

"कोतवाल जसा गावचा, तशी मी गावची," ती मला म्हणाली. त्या बदल्यात तळ्यात जाळं पडलं की तिचा वाटा निघे आणि गाव तिचं छप्पर शाकारून देई. "ज्याचा गुन्हा त्याची सजा मी भोगली, का त्याची फिटली. मंग त्याच्यावर काई राह्यत नाई."

"आणि हे जाळं?"

"ज्याची सजा त्याचं जाळं. आत विनलं का बाहीर गेल्यावर त्याले देतो. म्हनतो, हे तुहं. आता मासोळ्या मार, मडकं नोको मांडू."

"मग सुधारतात का?"

तिनं प्रामाणिकपणे हिशेब केला. "एक सुधरला. दुसरा दोन्ही करून राह्यला."

यावर मी काय करणार होतो? साहेबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आरोपी कबूल आहे, तू कोण? जमादाराला सांगायची गरज नव्हती. त्याला माझ्या आधीपासून माहीत होतं. मी गप्प बसलो आणि पुढची चार वर्षं "कबूल" लिहीत राहिलो. दरवर्षी तिची पाठ थोडी जास्त वाकलेली असे आणि खोकला थोडा लांबलेला. सात शिक्षा झाल्या, तळ्यावर सात जाळी झाली.

मग राज्य बदललं. आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि काही काळानं मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडे लागू झाला. नवं पुस्तक टेबलावर आलं तेव्हा मी पहिल्यांदा शिक्षेचं कलम काढलं. पहिल्या गुन्ह्यालाच काही महिने, त्याहून कमी द्यायचे तर साहेबांनी कारण लिहायचं. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत. ते पान मी दोनदा वाचलं. दोन वर्षं म्हणजे तालुक्याची कोठडी नाही, तर दूरचा मोठा तुरुंग. त्या खोकल्यासकट ती तिथून परत येणार नव्हती, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता.

त्या वर्षीही मडकं सापडलं. तारखेला गिरजाबाई आली, पण एकटी नव्हती. बरोबर देवाजी नावाचा तरुण ढिवर होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मडकं माहं हाय. काकीले आता नाई झेपत. माहं नाव लिवा."

गिरजाबाईनं ऐकलं. "तू गप राह्य. बायको पोटुशी हाय तुही. रोवनीले कोन जाईन?"

 मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं समजावलं. जुनं शिक्षांचं रजिस्टर रेकॉर्डखोलीत वाळवीनं खाल्लं होतं. पुठ्ठा तेवढा शाबूत होता. तिच्या सात शिक्षांचा कागदावर कुठेही पुरावा नव्हता. "बाई, साहेब विचारतील, आधी शिक्षा झाली का. तू बोलू नकोस. 'कबूल' म्हण आणि उभी राहा. पहिला गुन्हा ठरला तर थोडक्यात भागेल. नाही तर दोन वर्षं."

तिची सुई थांबली. "आधी झाली नाई म्हनू?"

"म्हणूही नकोस. गप्प बैस."

"अन मंग त्या सात गुन्ह्याईचं का होते?"

"काय व्हायचंय?"

"भाऊ, मी भोगलीच नाई म्हनलं, त ते सातबी वापस जाते ज्याच्या त्याच्या घरी. त्याईची लेकरंबाळं हाय आता."

मी तिला कायद्यानं समजावलं, रागानं समजावलं, शेवटी हात जोडले. सगळ्या गुन्ह्यांची तिला माहिती होती, पण एवढी एक गोष्ट तिच्या डोक्यात अशी बसली होती की माझं पुस्तक तिथं पोचत नव्हतं. भोगलेली सजा नाकारली की गुन्हा मोकळा होतो आणि आपल्या धन्याला शोधत गावी जातो.

नवे साहेब साताऱ्याकडचे होते. पाच महिने झाले होते येऊन. कडक, पण ऐकून घेणारे. पुकारा झाला. तिनं उंबऱ्याला हात लावला, कपाळाला नेला आणि उभी राहिली.

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

साहेबांनी जमादाराला विचारलं, "मागच्या शिक्षा?"

जमादार म्हणाला, "रेकॉर्डवर काही नाही, साहेब." हे खरं होतं.

"म्हणजे पहिलाच गुन्हा," साहेब पुटपुटले.

"नाई साहेब," गिरजाबाई म्हणाली. "सात सजा झाल्या माह्या." आणि तिनं बोटं पुढे केली. "पयली, मोठ्या मिशीवाल्या साहेबानं देल्ली, एक महिना. दुसरी बी त्यानंच, एक महिना. तिसरी फोडनीवाली, पंधरा दिस..." खोकल्यासाठी दोनदा थांबत तिनं साती शिक्षा सांगितल्या. सहावी शिक्षा देणाऱ्या साहेबांना खुर्चीत डुलकी यायची हेही सांगितलं.  जमादार छपराची कौलं मोजत होता.

साहेबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून पुसू लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रीडर, बाई काय म्हणाली ते लिहून घ्या. मला या भागातली बोली अजून नीट समजत नाही."

पाच महिने ते याच बोलीत साक्षी घेत होते आणि त्यांना कधी दुभाष्या लागला नव्हता.

सरकारी नोकरानं कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी खोटी नोंद करणं, कलम २१८, तीन वर्षांपर्यंत. हे मला त्या क्षणी आकड्यासकट आठवलं. मी टाक दौतीत बुडवला आणि तीन ओळी लिहिल्या. आरोपीस गुन्हा कबूल आहे. यापूर्वी शिक्षा झालेली नाही. वय झाल्याने दया व्हावी अशी विनंती आहे. खाली तिचा अंगठा घेतला. वास्तविक अंगठा घेण्याआधी लिहिलेलं वाचून दाखवायचं असतं. मी ते दाखवलं नाही.

साहेबांनी वाचलं, वय आणि पहिला गुन्हा ही कारणं लिहिली आणि शिक्षा सांगितली, कोर्ट उठेपर्यंत कैद. नाममात्र दंड होता, तो देवाजीनं भरला.

दिवसभर ती व्हरांड्यात कैद भोगत बसली. म्हणजे रोजच्याच कोपऱ्यात जाळं विणत बसली. साडेपाचला साहेब उठले, सायकलवर बसून गेले. मी दप्तर बांधत होतो, तेवढ्यात ती टेबलापाशी आली. मागं दारात देवाजी.

"उठलं का कोर्ट?"

"उठलं, बाई. तुझी सजा संपली. जा घरी."

ती गेली नाही. "सारेईले वाचून दाखवता तुमी. मले नाई दाखवलं."

मी दप्तर पुन्हा सोडलं. तो कागद काढला, त्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि वाचू लागलो. "पहिली शिक्षा, एक महिना. दुसरी, एक महिना. तिसरी, एक महिना..."

"पंधरा दिस," ती म्हणाली.

"बरोबर. पंधरा दिवस." मी कोरडा टाक कागदावर फिरवला, दुरुस्ती केल्यासारखा. मग चौथी, पाचवी, सहावी, सातवी वाचली.  तिनं बोटांवर साती मोजल्या.

मग ती कागदावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"सात सजा येवढ्याशा जागेत मावल्या?"

"बारीक लिहिल्या, बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला मान खाली घालावीशी वाटली आणि मी घातली. थोड्या वेळानं सूत दातानं तोडल्याचा आवाज आला. दिवसभरात तिचं टीचभर जाळं विणून झालं होतं. तिनं त्याच्या कडेला नीट गाठ मारली.

देवाजीनं पुढे होऊन हात केला. "काकी, ते माहं ना?"

"तुहं घरी विनतो," ती म्हणाली. "आजची सजा भाऊची होती."

तिनं ते जाळं माझ्यापुढच्या कागदावर ठेवलं, पायरीला हात लावला आणि देवाजीच्या खांद्याचा आधार घेत उतरून गेली.